नेमबाजीची स्पर्धा आणि खरी लढाई: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१७ वर्षं इन्फंट्रीत काढून मी लातूरला परत आलो आणि सोयाबीनच्या एका रिकाम्या गोदामात दहा मीटरची रेंज टाकली. तेव्हापासून भरतीची तयारी करणारी पोरं, एनसीसीचे कॅडेट, लेकरांना सोडायला आलेले आई-बाप, आणि आवाज ऐकून दारातून डोकावणारे, सगळे फिरून फिरून तेच विचारतात. व्हॉट्सअ‍ॅपवर एकेकाला उत्तर लिहून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं इथं. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. सर, स्पर्धा काय आणि लढाई काय, दोन्हीकडं नेम धरून गोळीच मारायची ना? मग फरक कसला?

स्पर्धेत एकच गोष्ट ६० वेळा, तशीच्या तशी करायची असते. दहा मीटर एअर रायफलच घ्या. अंतर ठरलेलं, उजेड ठरलेला, टार्गेट जागचं हलत नाही. आधी १५ मिनिटं तयारी आणि सरावाच्या शॉटची, मग १ तास १५ मिनिटांत ६० शॉट. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा. टार्गेटच्या मधोमधचा दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक.

लढाईत अंतर कुणी सांगत नाही. समोरचा बांधाआड असतो, अर्धवट दिसतो, दिसला तरी क्षणभर. आणि माणूस मोठा असल्यामुळं अर्ध्या मिलिमीटरची तिथं कुणाला पडलेली नसते. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते: लढाईतल्या बऱ्याच गोळ्या कुणाला लागाव्यात म्हणून मारलेल्याच नसतात. समोरच्याचं डोकं खाली राहावं आणि तेवढ्यात आपल्या जोडीदाराला पुढच्या आडोशापर्यंत पळता यावं, यासाठी त्या असतात. त्याला आम्ही कव्हरिंग फायर म्हणतो. स्पर्धेत असा शॉट मारला तर शून्य मिळेल.

सगळ्यात मोठा फरक म्हणजे समोरचाही गोळी मारत असतो. त्याबद्दल प्रश्न ५ मध्ये.

२. एनसीसीत "मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन" शिकवलं. स्पर्धेत ते चालतं का?

चालतं, आणि दोन्हीकडं सारखं असलेलं जवळजवळ तेवढंच आहे. शिस्त (म्हणजे इथं नेम धरणं) आणि ट्रिगर ज्याला कळलं त्याचं निम्मं काम झालं. पकड मात्र वेगळी. एअर रायफलला झटका नसल्यातच जमा, त्यामुळं तिथं ती आवळून धरायची नसते, हाडांवर ठेवून द्यायची असते. एनसीसीची मुलं पहिल्या दिवशी रायफल अशी आवळतात की बोटं पांढरी पडतात. मग "सर, लई हालायलीय" म्हणतात. हालणारच.

ट्रिगरचंही तसंच. एअर पिस्तुलाला ट्रिगरचा किमान भार ५०० ग्रॅम लागतो. एअर रायफलला खालची मर्यादाच नाही, बोट टेकलं की सुटतो. सर्व्हिस रायफलचा ट्रिगर मुद्दाम जड ठेवलेला असतो, कारण ती घेऊन माणूस पळतो, पडतो, गाडीतून उड्या मारतो.

आणि स्पर्धेत शॉट नको वाटला तर रायफल खाली घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा उचलायची. मी मुलांना सगळ्यात जास्त हेच शिकवतो. लढाईत ही मुभा नाही.

३. चांगला नेमबाज म्हणजे चांगला सैनिक, असं म्हणायचं का?

नाही. काही माणसं दोन्ही असतात. अथेन्सला २००४ मध्ये डबल ट्रॅपचं रौप्य जिंकणारे राज्यवर्धनसिंह राठोड लष्करी अधिकारी होते. लंडनला २०१२ मध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारे विजय कुमार सुभेदार होते. पण आपला स्वप्नील कुसाळे, पॅरिसचं कांस्य, कोल्हापूरकडचा पोरगा, रेल्वेत नोकरीला. अभिनव बिंद्रा फौजेतून आलेला नाही, मानद हुद्दा त्याला सुवर्णानंतर मिळाला. नेमबाजीला वर्दी लागत नाही.

हंगेरीच्या कारोय टाकाचची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगतो. तो सैन्यात होता, पिस्तुलात नाव कमावत होता. १९३८ मध्ये सरावात ग्रेनेड हातातच फुटला आणि उजवा हात निकामी झाला. त्यानं डाव्या हातानं शिकायला सुरुवात केली आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायरचं सुवर्ण घेतलं. माणूस मोठाच. पण ही गोष्ट चिकाटीची आहे. लढाईत तो कसा लढला असता याबद्दल ती काहीच सांगत नाही.

आता उलटं उदाहरण बघा. २६/११ ला गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हातात फक्त लाठी असताना कसाबच्या एके-४७ ची नळी धरली आणि गोळ्या अंगावर घेत ती सोडली नाही. तिथं कुणाचा नेम किती हे मोजायला जागाच नव्हती.

४. आणि फौजी माणूस स्पर्धेत उतरला तर पोरांना धूळ चारेल ना, काका?

मीच उतरलो होतो. निवृत्त होऊन दोन महिने झाले होते आणि कंपनीतल्या चांदमारीत (गोळीबाराच्या सरावात) मी पहिल्या पाचात असायचो, त्याची घमेंड होती. एका ओळखीच्या रेंजवर एअर रायफल घेतली, कोट न घालता उभा राहिलो आणि ६० शॉटमध्ये ५३८ केले. शेजारच्या लेनवर औशाची नववीतली मुलगी होती, दोन वेण्या, डब्यात चपाती-शेंगाचटणी. तिचे ६०४ झाले. ६५४ पैकी, कारण एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ मिळतात. माझा टार्गेटचा कागद बघून ती म्हणाली, "काका, तुम्ही शॉट गेल्या गेल्या बघायला मान उचलायलात."

खरं होतं. गोळी मारली की पुढची हालचाल, हे १७ वर्षं अंगात मुरलेलं. स्पर्धेत शॉट गेल्यावरही दोन-तीन सेकंद तसंच थांबायचं असतं. दहा मीटर जायला छर्‍याला साधारण ०.०६ सेकंद लागतात. ट्रिगर सुटल्यापासून छर्रा नळीबाहेर पडेपर्यंत रायफल हलली तर अर्धा मिलिमीटर सोडाच, पाच मिलिमीटर चुकतं.

लष्करात स्पर्धेची नेमबाजी हे वेगळंच काम आहे. महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, तिथले लोक वर्षभर तेच करतात. साध्या पलटणीतल्या जवानाला ते जमत नाही म्हणून तो कमी ठरत नाही.

५. स्पर्धेतही हात थरथरतात, छाती धडधडते. मग लढाईतलं दडपण वेगळं ते काय?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, म्हणून सावकाश सांगतो.

स्पर्धेतलं दडपण खोटं नाही. बीजिंगला २००८ च्या फायनलमध्ये शेवटच्या शॉटआधी बिंद्रा आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. बिंद्राचा १०.८ पडला. हॅकिनेनचा ९.७ पडला आणि सुवर्णाच्या दारातून तो कांस्यावर आला. सगळं आयुष्य एका शॉटवर, आणि समोर जग बघतंय. पण त्या दडपणात जीव जायची भीती नसते, आणि शरीराला हे बरोबर कळतं.

जीवावर बेततं तेव्हा अ‍ॅड्रेनलिन असं उसळतं की मोठे स्नायू पळायला-झगडायला तयार होतात आणि बोटांची नाजूक कामं बिघडतात. नजर नळीतून बघितल्यासारखी अरुंद होते. कान बंद झाल्यासारखे होतात. वेळ कधी लांबतो, कधी गायब होतो. माझ्यावर पहिल्यांदा खरा फायर आला तेव्हा मला माझ्याच रायफलचा आवाज आला नाही. मॅगझिन संपली हे ट्रिगर दोनदा ओढल्यावर कळलं. जोडीदार माझ्या कानाशी ओरडत होता असं तो रात्री म्हणाला. मला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते इतकंच की समोरच्या दगडावर एक लाल मुंगळा चढत होता. चांदमारीत पहिल्या पाचातला मी, त्या दिवशी माझी एक तरी गोळी कुठं लागली हे आजही सांगू शकत नाही.

मी एकटाच असा होतो असं नाही. न्यूयॉर्कच्या पोलिसांच्या १९९८ ते २००६ च्या नोंदी तपासल्या गेल्या. समोरून गोळीबार होत नव्हता तिथं साधारण १०० तल्या ३० गोळ्या लागल्या. समोरूनही गोळ्या येत होत्या तिथं फक्त १८. हे सगळे रेंजवर पास झालेले लोक. आणि चकमकी बहुतेक अगदी जवळून, आपल्या ओसरीच्या अंतरावरून होतात.

म्हणूनच लष्करी सराव हळूहळू गोल टार्गेटपासून लांब गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करानं अचानक वर येणारी माणसाच्या आकाराची टार्गेट आणली. आपल्याकडंही फिगर ११ नावाच्या, माणसाच्या आकृतीच्या टार्गेटवर, धावून आल्यावर, दम लागलेला असताना मारायला लावतात. त्यानं भीती जात नाही, पण हात ओळखीच्या वाटेनं जातात.

६. तो जाड कोट, चपटे बूट, डोळ्यावरची झापड कशाला? सैनिक तर असलं काही घालत नाही.

कोट-पँट पाठीला आधार देतात, शरीराचा हेलकावा कमी करतात. जाडी २.५ मिलिमीटरच्या वर चालत नाही आणि स्पर्धेआधी ती मोजतात. मे महिन्यात, लाइट गेलेली, बाहेर ४२ अंश, आणि पत्र्याच्या गोदामात त्या कोटात उभं राहणं ही लातूरची खास शिक्षा आहे. झापडीमुळं दुसरा डोळा न मिटता त्याच्यासमोरचं झाकलं जातं, म्हणजे चेहऱ्यावर ताण येत नाही.

सैनिकाला दोन्ही डोळे उघडे लागतात, कारण धोका बाजूनंही येतो. आणि नेमबाज उभा राहतो तसा, कोपर कमरेला टेकवून, पाठ मागं वाकवून, कुणी लढाईत उभं राहिलं तर त्याला पुढचा शॉट मारायला मिळणार नाही. तिथं आधी आडोसा शोधायचा, मग झोपायचं किंवा गुडघा टेकायचा. अंगावर बुलेटप्रूफ, डोक्यावर हेल्मेट, छातीवर मॅगझिन.

७. पिस्तूल सिनेमात दोन हातांनी धरतात. स्पर्धेत एका हातानं का?

नियम आहे म्हणून. दहा मीटर, २५ मीटर, ऑलिंपिकच्या सगळ्या पिस्तूल प्रकारांत एकच हात, दुसरा खिशात किंवा पट्ट्यात. पोलीस, फौज सगळे दोन हातांनीच शिकवतात. झटका आवरतो, पुढचा शॉट लवकर जातो. स्पर्धेतल्या एखाद्या पोराला पोलिसात गेल्यावर ही सवय मोडताना महिनाभर जातो.

८. पोलीस भरतीला किंवा अग्निवीरला नेमबाजीचा फायदा होतो का?

थेट नाही. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी ५० गुण, लेखी १००. अग्निवीरला १.६ किलोमीटर धावणं, बीमवर पुल-अप, ९ फुटी खड्डा ओलांडणं, झिगझॅग पट्टीवर तोल सांभाळणं. रायफल कुठंच नाही. ती भरती झाल्यावर मिळते. मुदखेडला सीआरपीएफ, चाकूरला बीएसएफ, जालना-हिंगोलीला एसआरपीएफ, सगळीकडं तुम्हाला पहिल्यापासूनच शिकवतात. उलट त्यांना कोरी पाटी आवडते.

फायदा होतो तो खेळाडू म्हणून. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या पातळीचं पदक कोणत्या पदाला चालतं ते शासन निर्णयात दिलंय, आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. छत्रपती संभाजीनगर आणि लातूर, दोन्हीकडं कार्यालय आहे. जाहिरात निघेपर्यंत थांबू नका. माझ्या एका पोराचा अर्ज त्याच एका कागदावर अडकला. अग्निवीरला एनसीसीच्या प्रमाणपत्राचे बोनस गुण आहेत, ते वेगळं.

९. एका अकॅडमीत "कमांडो शूटिंग"चा कोर्स आहे, महिन्याचे पैसे भरपूर. लावू का?

भरतीसाठी म्हणून असेल तर नको (प्रश्न ८). मी अशी एक बॅच बघितली. पोरांच्या तोंडाला काळं फासलेलं, हातात एअर रायफल, आणि शिकवणारा मातीत लोळायला लावून छर्रे मारायला सांगत होता. दोन रायफलींच्या नेम धरायच्या साइट मातीनं भरल्या होत्या. यातून ना धड नेमबाजी येते ना लढाई. बापानं वावरातलं सोयाबीन विकून भरलेले पैसे होते ते. त्या पैशात बूट घ्या, दूध-अंडी खा, पळा.

१०. पण पळत पळत, वेगवेगळ्या टार्गेटवर गोळ्या मारायच्या स्पर्धाही असतात. ती तर लढाईच झाली?

जवळ जाते, लढाई होत नाही. तुम्ही म्हणताय ती प्रॅक्टिकल शूटिंग, आयपीएससी. १९७६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. तिथं पळायचं असतं, आडोशातून मारायचं असतं, मॅगझिन बदलायची असते, वेळही मोजतात. त्यातले लोक हत्यार हाताळण्यात कुणाही फौजीपेक्षा चपळ असतात, हे मी मान्य करतो. पण सुरू व्हायच्या आधी खेळाडू तो सगळा रस्ता चालून बघतात, कुठं किती टार्गेट आहेत ते पाठ करतात. आणि टार्गेट परत गोळी मारत नाही.

इतर अपवादही सांगतो. बायथलॉनमध्ये बर्फावर स्की करून दमलेल्या छातीनं ५० मीटरवर पाच शॉट मारायचे असतात. झोपून मारायचं टार्गेट ४५ मिलिमीटरचं, उभ्यानं ११५ चं. श्वास आवरायचा धडा म्हणून मला हा प्रकार सगळ्यात जवळचा वाटतो. २५ मीटर रॅपिड फायरमध्ये पाच टार्गेटवर पाच शॉट, आधी ८ सेकंदांत, मग ६, मग ४. तिथं पूर्वी माणसाच्या आकृतीची टार्गेट असायची, आता गोल आहेत.

११. मग स्नायपर? तो तर दोन्ही झाला.

नेमबाजीच्या सर्वांत जवळ तोच. तरी त्याच्या कामात गोळी मारणं सगळ्यात थोडं. तासन्‌तास न हलता पडून राहणं, अंतर आणि वारा ओळखणं, जोडीदाराशी बोलणं, आणि मारल्यावर जिवंत परतणं, हे खरं काम. फिनलंडचा सिमो हायहा शेतकरी होता आणि गावाकडच्या नेमबाजी स्पर्धा जिंकायचा. १९३९-४० च्या युद्धात तो दुर्बीण लावतच नसे. साध्या साइटला डोकं कमी वर काढावं लागतं आणि काच उन्हात चमकत नाही. स्पर्धेतला नेमबाज असा विचार करणार नाही, कारण त्याच्याकडं कुणी नेम धरलेला नसतो.

१२. आमचे पणजोबा रझाकारांच्या काळात गढीवरून ठासणीची बंदूक घेऊन पहारा द्यायचे. त्यांनी कुठं सराव केला असेल?

बहुतेक कुठंच नाही. दारू आणि शिसं महाग. ठासणीची बंदूक पुन्हा भरायला अर्धा मिनिट सहज जातो आणि शे-दीडशे पावलांपुढं तिचा भरवसा नाही. ती गढीवर दिसत होती हेच तिचं निम्मं काम. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत गावागावांतल्या अशा कितीतरी रात्री एकही बार न उडता गेल्या असतील. पहारा हाही लढाईचाच भाग आहे, आणि त्याला गुण देणारं टार्गेट नाही.

१३. मोबाइलच्या गेममध्ये माझं पोरगं पहिलं येतं. रेंजवर घालू का?

घाला. तिसऱ्या दिवशी खांदा दुखला की कळेल.

१४. एअर रायफलीला परवाना लागत नाही म्हणे. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) वावर मोकळं करायलेत, मारू का? आणि घरात चोर आला तर?

४.५ मिलिमीटर आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, हे खरं. पॉइंट २२ ला लागतो. पण तो छर्रा डुकराला फक्त जखमी करील. जखमी डुक्कर रात्री वावरात भेटलं तर तुमचं काय होईल ते मी सांगायला नको. शिवाय वनविभागाच्या परवानगीशिवाय मारलंत तर वन्यजीव कायद्याचा गुन्हा.

चोराचं म्हणाल तर ही खेळाची वस्तू आहे. ती हातात दिसल्यावर समोरच्याला खरी वाटते आणि तो तसाच वागतो. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण गरजेपुरताच. दाराला चांगली कडी लावा, शेजाऱ्याचा नंबर हाताशी ठेवा, ११२ लावा.

१५. रायफल हाती दिली तर लेकरू तापट होईल का? (परभणीच्या एका आईचा प्रश्न)

ताई, माझ्याकडं उलटंच होतं. रागावलेल्या पोराचे शॉट सरळ कागदाच्या कडेला जातात, आणि ते त्याला स्वतःला दिसतं. रायफल कुणाकडं, रिकामी असली तरी, रोखली तर त्या दिवशी घरी. पुन्हा केलं तर कायमचं घरी. फौजेत आणि इथं हा एक नियम अगदी सारखा आहे.

१६. स्पर्धेत चुकून शेजारच्याच्या टार्गेटवर शॉट गेला तर?

तुमचा तो शॉट शून्य. २००४ ला अथेन्समध्ये अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स थ्री पोझिशनच्या फायनलमध्ये शेवटच्या शॉटआधी आरामात पुढं होता. शेवटचा शॉट नीट मारला, पण शेजारच्या टार्गेटवर. सुवर्णाऐवजी आठवा. लढाईत हीच चूक आपल्या माणसावर जाते, म्हणून तिथं ट्रिगरआधी ओळख पटवणं हे नेमाइतकंच घोटून घेतात. आमच्या गोदामात लेन अवघ्या पाच. तरी प्रत्येक सिरीजआधी मी मुलांना आपला लेन नंबर मोठ्यानं म्हणायला लावतो. औशाची ती मुलगी आता कॉलेजात आहे, रविवारी येते. अजूनही "चार" असं ओरडूनच रायफल उचलते.